जुनाट केलेल्या पितळेवर दर पावसाळ्यात हिरवी पूड येते, त्यावर उपाय

खणाचं कापड लावून मी वह्या बांधते. वहीच्या चारही टोकांना पितळी कोपरे, बंदाच्या शेवटी दोन घुंगरू आणि वर मधोमध एक ठशाचं फूल, एवढाच धातूचा साज. पण नवंकोरं पितळ खणाच्या रंगाशेजारी डोळ्यांत खुपतं. देवघरातल्या जुन्या समईला असतो तसा मंद तपकिरी रंग मला हवा असतो, म्हणून हे सगळे तुकडे आधी मुद्दाम काळवंडवून घ्यावे लागतात.

ते काम एका दुपारी होतं. त्रास जूनमध्ये सुरू होतो. मार्चमध्ये दिलेली वही ऑगस्टमध्ये परत येते. कोपऱ्याच्या कडेला फिकट हिरवी पूड साचलेली असते आणि खालच्या खणावर हिरवट डाग पडलेला असतो. पूड पुसून वर पारदर्शक नेलपॉलिश फिरवलं की आठ-पंधरा दिवस बरं दिसतं. मग अगदी त्याच ठिपक्यातून, नेलपॉलिशचा पापुद्रा उचलून, पूड पुन्हा वर येते. माझ्याकडे सलग तीन पावसाळे हे झालं. तोरणं, बटवे, फोटोफ्रेम करणाऱ्या मैत्रिणींना विचारलं तर त्यांचंही रडगाणं हेच. प्रत्येकजण दर वर्षी काळवंडवायची नवी कृती शोधत होती. मीही तेच केलं. दोष काळवंडवण्यापेक्षा त्यानंतरच्या धुण्यात जास्त आहे, हे कळायला मला वेळ लागला.

सगळ्यात आधी, दिसतंय ते हिरवं कोणतं आहे ते बघा. एक टाचणी घ्या आणि हिरव्या जागी हलकेच टोकरा.

टाचणीला लागून भुरभुर पूड पडली, रंग फिकट पोपटी असला आणि पुडीखाली बारीकसा खड्डा दिसला, तर तेच आपलं दुखणं. टाचणीला मेणासारखं चिकट, गडद हिरवं काही लागलं आणि तो तुकडा चामड्याला किंवा तेलकट कापडाला टेकलेला असला, तर ते वेगळं. चामड्यातल्या तेलाशी तांब्याचा संयोग होऊन तो थर बनतो. कापसाच्या बोळ्यावर थोडं रॉकेल किंवा थिनर घेऊन पुसा, मेण लावा, आणि धातू व चामडं यांच्यामध्ये पातळ कागदाची चकती ठेवा. तेवढं पुरतं. तिसरा प्रकार म्हणजे टाचणीने न निघणारा, घट्ट बसलेला गडद हिरवा-तपकिरी थर. तो चांगला असतो, त्याला हात लावू नका.

आता त्या भुरभुरणाऱ्या पुडीबद्दल. आपल्यापैकी बहुतेकजणी पितळ जुनं करायला व्हिनेगर आणि मीठ वापरतात. घरात दोन्ही असतं आणि रात्रभरात सुंदर निळसर-हिरवा रंग येतो, त्यामुळे हीच कृती सगळीकडे पसरली आहे. तो निळा-हिरवा रंग मिठातल्या क्लोराइडमुळे येतो. क्लोराइड पितळेतल्या तांब्याला धरून बसतं आणि वरून दिसत नाही अशा जागी, खड्ड्यात, घडीत, नक्षीच्या खाचेत, क्युप्रस क्लोराइड होऊन राहतं. उन्हाळाभर ते गप्प असतं. पावसाळ्यात हवेतली ओल आणि प्राणवायू मिळाला की त्याची हिरवी पूड होते आणि त्याच वेळी थोडं आम्ल तयार होतं. ते आम्ल शेजारचं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनतं आणि चक्र चालू राहतं. म्हणून वरची पूड पुसून काही होत नाही. जुनी नाणी आणि मूर्ती सांभाळणारे संग्रहालयातले लोक याला 'ब्राँझ डिसीज' म्हणतात. रोग हा शब्द मला अगदी चपखल वाटतो, कारण मुळाशी गेल्याशिवाय तो हटत नाही.

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते, कोकणात आणि मुंबईत तर त्याहून जास्त. कोरड्या प्रदेशात राहणाऱ्यांनी दिलेल्या कृती आपल्याकडे फसतात त्या यामुळेच. त्यांच्या हवेत तेच क्लोराइड वर्षानुवर्षं झोपून राहतं.

मीठ फक्त मिठाच्या डब्यातूनच येतं असंही नाही. चिंच-मीठ लावून घासलेलं पितळ नीट धुतलं नाही तर तेच होतं. घामेजल्या बोटांचा ठसा पुरतो. एका फुलावर मला अंगठ्याच्या रेषांसकट हिरवा ठसा उमटलेला सापडला होता. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात शेवटचं धुणं केलं तरी तेच. अंडं न वापरणाऱ्या काहीजणी काळवंडवायला काळं मीठ वापरतात. त्याला कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तोच वायू धातू काळा करतो, इथपर्यंत विचार बरोबर आहे. पण काळं मीठ हे शेवटी मीठच. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं फेरिक क्लोराइड पितळेला मिनिटभरात छान तपकिरी करतं. त्याच्या नावातच काय ते आलं.

रोग लागलेला तुकडा असा बरा करा.

तो वहीवरून काढा. चिकटवलेला असेल तर हेअर ड्रायरने तापवून सोडवा. लाकडी टूथपिकने प्रत्येक खड्ड्यातली पूड कोरून काढा. लोखंडी सुईने पितळेवर ओरखडे पडतात. मग एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा, दोन्ही मिळून साधारण ५० ग्रॅम विरघळवा. डिस्टिल्ड पाणी बॅटरीसाठी म्हणून गॅरेजच्या सामानाच्या दुकानात मिळतं. काचेच्या बरणीत हे पाणी घ्या आणि तुकडे त्यात बुडवून ठेवा. मी आठवडाभर ठेवते आणि एक दिवसाआड पाणी बदलते. जुना, खोल गेलेला रोग असेल तर दोन-तीन आठवडेही लागतात. धुण्याचा सोडा हाताला झोंबतो, हातमोजे घाला. या पाण्यात आधी चढवलेला रंग थोडा उतरतो, कधी पितळ ठिपकेदार दिसतं. ते स्वीकारावं लागतं. रंग पुन्हा चढवता येतो.

बाहेर काढल्यावर डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा आणि ड्रायरने पूर्ण सुकवा. घुंगरांना इथे खास वेळ द्या. आतल्या गोळीभोवती पाणी अडकून राहतं आणि फटीतून ते दिसत नाही. मी घुंगरू फट खाली करून जाळीवर ठेवते, ड्रायर फिरवते आणि मग कानाजवळ हलवून बघते. ओल असेपर्यंत गोळी खुळखुळत नाही, भिंतीला चिकटल्यासारखी सरकते. कोरडं झालं की आवाज मोकळा होतो.

यानंतरची पायरी कुणीच करत नाही आणि माझं सगळं काम तिच्यावर चालतं. झाकणाच्या डब्यात ओला कापूस एका वाटीत ठेवा. शेजारी, कापसाला न लागता, सुकवलेले तुकडे मांडा. झाकण लावून ४८ तास ठेवा. डब्यात मिनी पावसाळा तयार होतो. दोन दिवसांनी भिंगातून बघा. एकही हिरवा ठिपका दिसला तर तो तुकडा पुन्हा सोड्याच्या पाण्यात. काहीच दिसलं नाही तर काम झालं. गेल्या वर्षी एका घाण्यात ४० कोपरे होते, त्यातले ११ या डब्यात पकडले गेले. डबा नसता तर ते ११ कोपरे लोकांच्या कपाटातल्या वह्यांवर फुलले असते.

आता नव्या तुकड्यांकडे येऊ. जुनाट रूप मीठ न वापरता आणता येतं, फक्त धातू कोणता आहे ते आधी माहीत हवं. दुकानात विचारलं की 'पितळच आहे ताई' असं उत्तर येतं. खिशात छोटं लोहचुंबक घेऊन जा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. चिकटलं नाही तर घरी आणून मागच्या बाजूला कानशीने एक रेघ मारा. पिवळी चमक दिसली तर पितळ, लालसर दिसली तर तांबं, पांढरट-राखाडी दिसली तर जस्ताचा ओतीव मिश्रधातू किंवा ॲल्युमिनियम. हातात हलकं लागलं तर ॲल्युमिनियम, जड लागलं तर जस्त. पांढरट चमकेचा तिसरा उमेदवार जर्मन सिल्व्हर. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्त एवढंच असतं. ऑक्सिडाइज्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच दागिन्यांत हेच असतं, आणि निकेलमुळे काहींच्या कातडीला खाज सुटते. वहीवर लावायला हरकत नाही, बटव्याच्या मनगटपट्टीला मी लावत नाही.

'काहीही केलं तरी रंग धरतच नाही' ही तक्रार येते तेव्हा दहापैकी बहुतेक वेळा कारण लॅकर असतं. चकाकी टिकावी म्हणून कारखान्यातच तुकड्यांवर पारदर्शक थर मारलेला असतो. काचेच्या बरणीत ॲसिटोन घेऊन पंधरा मिनिटं बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. खिडकी उघडी ठेवा, आणि घरात निरांजन किंवा गॅस चालू असताना हे काम अजिबात करू नका. ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते. मग भांड्याच्या साबणाने धुवा आणि पाण्याखाली धरून बघा. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंबाथेंबांत तुटलं तर अजून तेल किंवा लॅकर शिल्लक आहे, आणि रंगही तसाच तुटक बसणार. इथून पुढे तुकडा चिमट्याने किंवा हातमोज्यानेच धरायचा.

तांबं असेल तर अंडं पुरतं. अंडं चांगलं १५ मिनिटं उकडा, गरम असतानाच चार तुकडे करा आणि बंद डब्यात धातूशेजारी ठेवा, पण धातूला लागू देऊ नका. जास्त उकडलेल्या अंड्यातून गंधकाचा वायू जास्त निघतो. बलकाभोवती हिरवट कडा दिसली की समजा. तासाभरात तांबं सोनेरी, मग तांबूस, जांभळट आणि शेवटी काळं होत जातं. हव्या त्या छटेवर काढून घ्या. चांदीवरही हेच चालतं. लिव्हर ऑफ सल्फर (धातू काळा करायचं गंधकाचं रसायन) मिळालं तर त्याचं कोमट पाणी आणखी लवकर काम करतं. एवढी काळजी घ्या की याच खोलीत जरीची साडी किंवा चांदीची भांडी उघडी नसावीत. खऱ्या जरीत चांदी असते, ती याच वायूने काळी पडते.

पितळ अंड्याला नीट दाद देत नाही, कारण त्यात जस्त मिसळलेलं असतं. पितळेसाठी मी अमोनियाची वाफ वापरते. रसायनांच्या दुकानात मिळणारा लिकर अमोनिया २५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चांगलाच जहाल असतो. हे काम गच्चीत, चष्मा आणि हातमोजे घालून करा, आणि ब्लीचिंगच्या कुठल्याही वस्तूशी त्याची गाठ पडू देऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात एका टोपणात दोन चमचे अमोनिया ठेवा, वर सुती दोऱ्याला तुकडे टांगा, झाकण लावा आणि तासातासाने बघा. माझ्याकडे दोन ते सहा तासांत तपकिरी रंग येतो. सोबत मीठ ठेवलं की निळा येतो, म्हणून मीठ ठेवायचं नाही.

या अमोनियाने मला एक वेगळीच अडचण दाखवली. रंग उत्तम आला, पण वाकवलेले काही कोपरे घडीवर बारीक तडकले. पत्रा वाईट निघाला असं मी समजत होते. कारण शंभर वर्षांपूर्वीच सापडलेलं होतं. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तडकत, आणि हंगामाशी जोडून त्या दोषाला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. काडतुसं घोड्यांच्या पागेजवळ साठवलेली असत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पत्रा ठोकताना पितळेत राहिलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं. माझा कोपरा म्हणजे तसाच ठोकून वाकवलेला पत्रा. तेव्हापासून मी वाकवलेल्या तुकड्यांना अमोनिया दाखवत नाही. ते चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर हळूहळू फिरवते. पितळ आधी गडद सोनेरी, मग तपकिरी होतं. उष्णतेने पत्र्यातला ताणही सैल होतो. ठशाचं फूल सपाट असलं तरी तेही ठोकलेलंच असतं, त्यामुळे तेही ज्योतीवरच. अमोनिया फक्त ओतीव घुंगरांसाठी राखला आहे.

जस्ताचा ओतीव तुकडा मात्र ज्योतीवर धरू नका. जस्त ४१९ अंशांना वितळतं, हा मिश्रधातू त्याहूनही आधी, आणि नक्षी डोळ्यांदेखत ओघळते. जस्त काळं करायची विद्या आपल्या शेजारीच, बीदरला आहे. बिदरी कामाचा धातू जवळजवळ सगळा जस्तच असतो, थोडं तांबं घातलेलं, आणि नवसागर घालून किल्ल्यातल्या जुन्या मातीचा लेप लावला की तो काळाभोर होतो, चांदीची नक्षी तेवढी पांढरी राहते. ती कारागिरी घरी जमणारी नाही. जस्त, ॲल्युमिनियम आणि मुलाम्याचं लोखंड, तिन्हींना मी सरळ रंगच लावते: ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करायचं, धातूचा प्रायमर, मग काळा आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) ॲक्रिलिक एकत्र करून खाचांत भरायचा आणि ओला असतानाच उंचवट्यावरून कापडाने पुसून घ्यायचा. निळा-हिरवा रंग ज्यांना हवाच असेल त्यांनी पितळेवरही तो असाच रंगाने आणावा. फिरोजी ॲक्रिलिकमध्ये थोडा पांढरा घालून खाचेत टिपला तर हातभर अंतरावरून फरक कळत नाही, आणि खणावर डाग पडत नाही.

शेवटचा हात मेणाचा. तुकडा ड्रायरने कोमट करा, मऊ कापडावर मधमाशीचं मेण किंवा बिनरंगी बूटपॉलिश घेऊन पातळ चोळा, दहा मिनिटांनी घासून पुसा. उंचवटे थोडे उजळतात, खाचा गडद राहतात, हातात फिरून झिजल्यासारखं दिसतं. लॅकरचा स्प्रे मी सोडून दिला. तो कडेने उचलला की खाली ओल अडकते आणि बाहेर पडत नाही. मेण झिजलं तर वही वापरणाऱ्यालाही पुन्हा लावता येतं, म्हणून वहीबरोबर मी मेणाची छोटी डबी देते.

चिकटवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि ते थेट पितळेच्या पाठीवर बसतं. मी दोन भागांचं इपॉक्सी वापरते, किंवा सरळ दोऱ्याने शिवते. तयार तुकडे ठेवताना रबरबँड लावून गुंडाळू नका, रबरातल्या गंधकाने बँडच्या जागी काळा पट्टा उठतो. ओतून द्यायच्या सोड्याच्या पाण्यात तांबं उतरलेलं असतं. ते कुंड्यांना घालू नका, झाडं जळतात. रुंद ट्रेमध्ये उन्हात सुकवून तळाशी राहिलेली पूड घरातल्या घातक कचऱ्यात द्या.